मैत्रिणीसोबत इटलीत शेतावर जायचंय, पण कामाचा परवाना एकीजवळच आहे

वाचकाचं पत्र:

ताई, मी मिरजेची. गेल्या सप्टेंबरपासून बोलोन्यात एम.एस्सी. करतेय. विद्यार्थ्यांचा परमेस्सो, म्हणजे इथे राहायचा परवाना, हातात आलाय. माझी शाळेपासूनची मैत्रीण तासगाव तालुक्यातली, घरची द्राक्षबाग. ती सप्टेंबरच्या मध्याला टुरिस्ट व्हिसावर येऊन ऑक्टोबरअखेरपर्यंत राहायचं म्हणतेय. दोघींनी शेतांवर काम करत इटली फिरायची, वूफवर (सेंद्रिय शेतांवर राहून बिनपगारी काम करायची योजना) नाव घालायचं, तोस्कानात ऑलिव्ह तोडायचे, असं ठरलंय. मध्येच ओळखीच्या ओळखीतून एक निरोप आला. मोदेनाच्या बाजूला द्राक्षतोडणी, दहा दिवस, रोज आठ तास, तासाला 6 युरो रोख. झोपायला खोली, तिचे रोजचे 10 युरो. शेतावर न्यायला व्हॅन, तिचे रोजचे 5. पासपोर्ट 'नोंदणीसाठी' त्याच्याकडे ठेवायचा. मैत्रीण म्हणते घेऊ या, थोडं तरी विमानभाडं सुटेल. मला नको वाटतंय, पण तिला नाही म्हणायला जीभ रेटत नाही, कारण एवढ्या लांब येण्याचा खर्च तिचाच आहे. त्यात तिचे बाबा चिडलेत. 'आपल्या बागेत बायका लावायच्या आणि पोरगी इटलीत मजुरीला?' काय करू?

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या निरोपाचं बोलू. त्याला नाही कळव, आणि आजच कळव. पासपोर्ट दुसऱ्याच्या हाती द्यायचा, या एका अटीवरच विषय संपतो. कामाची नोंद करायला मालकाला तुमच्या कागदपत्रांची प्रत लागते. मूळ पासपोर्ट अडकवून ठेवायचा हक्क कुणालाच नाही. मैत्रिणीला हे पटत नसेल तर कागद-पेन घेऊन हिशेब मांड. रोजचे 48 युरो, दहा दिवसांचे 480. व्हॅनचे 50 गेले, खोलीचे 100 गेले. उरले 330, तेही शेवटच्या दिवशी त्याने दिले तर. नाही दिले, तर तक्रारीला जाताना आधी स्वतःचंच बेकायदा काम कबूल करावं लागेल. म्हणून अशा ठिकाणी सहसा कुणी तक्रारीला जात नाही, आणि त्या माणसाचा सगळा धंदा त्याच भरवशावर चालतो.

इटलीत अशा माणसाला कापोराले म्हणतात. तुम्हा दोघींना तो वेगळा समजावून सांगायला नको. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आठवा: मालक आणि मजुराच्या मधे उभा, गाडी त्याची, हजेरी त्याची, कापून घेणारा हातही त्याचाच. 2015 च्या जुलैत पावला क्लेमेंते नावाची 49 वर्षांची बाई दक्षिण इटलीतल्या पुलियात, आंद्रियाजवळच्या द्राक्षबागेत काम करताना कोसळली आणि गेली. ती घडातले बारके मणी काढत होती. तुझ्या मैत्रिणीला सांग, विरळणी करत होती. तारांतोजवळच्या गावातून रात्रीच बसने निघायचं, सुमारे दीडशे किलोमीटर जायचं, दिवसभर हात वर करून घड साफ करायचे आणि दिवसाकाठी हातात 27 युरो. ती इटालियन होती, भाषा तिची होती, तरी ही गत. तिच्या मरणाने देश हलला आणि 2016 साली कापोरालेगिरीविरुद्धचा 199 क्रमांकाचा कायदा झाला. त्यात मधल्या माणसाबरोबर शेताचा मालकही गुन्हेगार ठरू शकतो.

कायदा झाला म्हणून सगळं थांबलं असं नाही. जून 2024 मध्ये रोमच्या दक्षिणेला, लातिनाजवळच्या शेतात पंजाबच्या सतनाम सिंगचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घराबाहेर सोडून देण्यात आलं, तुटलेला हात फळांच्या क्रेटमध्ये. दोन दिवसांनी रोमच्या इस्पितळात तो गेला. वय 31. त्याच्याकडे ना करार होता, ना परवाना. कागदावर तो त्या शेतात नव्हताच. तुझ्या मैत्रिणीलाही तो निरोप पाठवणारा माणूस कागदावर नसलेलीच बाई म्हणून न्यायला निघालाय. दहा दिवसांचं काम असो की दहा महिन्यांचं, कात्री लागली, व्हॅन उलटली, ऊन लागून चक्कर आली, तर तिला ओळखणारं तिथे तुझ्याशिवाय कुणी नसेल.

आता तुमच्या दोघींमधला फरक बघ, कारण तुझ्या पत्रात तो कुठे दिसत नाही आणि पुढचं सगळं त्याच्यावर ठरणार आहे. तुझ्या परमेस्सोवर तुला आठवड्याला 20 तास, वर्षाला 1,040 तासांपर्यंत पगारी काम करता येतं. हे तास वर्षात साठवून वापरायची मुभाही कायद्यात आहे, म्हणजे हंगामात दोन आठवडे पूर्णवेळ काम बसू शकतं. तरी सही करण्याआधी एखाद्या पात्रोनातोत जाऊन विचारून घे. कामगार संघटनांची ही मदत केंद्रं बोलोन्यात आहेत आणि सल्ल्याला पैसे पडत नाहीत. तुझ्या मैत्रिणीला मात्र टुरिस्ट व्हिसावर एक तासही पगारी काम करता येत नाही. 'मी नुसती मैत्रिणीला हातभार लावतेय' हे उत्तर तपासणीत टिकत नाही, आणि तोडणीच्या दिवसांत कामगार खात्याचे निरीक्षक आणि काराबिनिएरी पोलीस बागांमध्ये फिरतात. परवाना नसलेल्या परदेशी माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि माणशी 5,000 युरो दंड, अशी तरतूद आहे. त्यामुळे सरळ शेतकरी तिला कामावर घेणारच नाही. जो घेईल तो कसा असेल, याचा अंदाज तुला आलाच असेल. तिला देश सोडायला लावू शकतात, आणि पुढे ती शिकायला, फिरायला, कशालाही युरोपचा व्हिसा मागेल तेव्हा हे प्रकरण पुन्हा निघेल. तुला एक हंगाम बुडेल, तिचं दार बंद होईल. 'दोघींचा निर्णय' म्हणून तू हे तिच्या गळ्यात घालू नकोस. जिच्याकडे परवाना आहे तिने ठाम राहायचं असतं.

पगारी शेतकामाची कायदेशीर वाटही आहे, पण ती तुमच्या सहलीची नाही. हंगामी मजुरांसाठी सरकार कोटा ठरवतं. 2023 ते 2025 या तीन वर्षांसाठी सगळ्या प्रकारच्या कामांना मिळून 4,52,000 परवानग्या होत्या. भारत त्या यादीत आहे. पण अर्ज इटलीतल्या मालकाने करायचा, त्याला परवानगी मिळाली की मग भारतातून व्हिसा. या परवानगीच्या नावाखाली पंजाबात आणि आपल्याकडेही लाखो रुपये उकळणारे दलाल आहेत. मैत्रिणीच्या कानावर तसं काही आलं असेल तर तेही तिथेच सोडायला सांग.

खर्चाची बोच मला समजते. त्यावर माझ्याकडे एक उपाय आहे. ती यायच्या आधी, ऑगस्टच्या उत्तरार्धात, तू एकटी दहा-बारा दिवसांचं करार असलेलं काम धर. बोलोन्याच्या टेकड्यांवर पांढरी द्राक्षं तेव्हा सुरू होतात, मोदेना-फेरारा पट्ट्यात नाशपातीची तोडणी असते. शेतीतला करार साडेसहा तासांचा दिवस आणि 39 तासांचा आठवडा धरतो. इटलीत देशभरासाठी एकच किमान वेतन नाही. शेतमजुरीचा दर राष्ट्रीय आणि जिल्हा कराराने ठरतो, आणि तुझ्या जिल्ह्याचा दर संघटनेच्या कार्यालयात विचारलास की लगेच सांगतात. कामाच्या आदल्या दिवसापर्यंत मालकाने तुझी नोंद सरकारदरबारी केलेली असली पाहिजे. त्या नोंदीची पावती माग. तिला उनिलाव म्हणतात. महिनाअखेरीला पगाराची चिठ्ठी, म्हणजे बुस्ता पागा, आणि पैसे बँकेत. यातलं काही द्यायला मालक का-कू करायला लागला तर तिथून नीघ. त्या पैशांतून तिच्या रेल्वेची तिकिटं काढ. तिला 330 युरोंच्या मागे धावायला लावण्यापेक्षा हे तुला सहज जमेल, आणि तुझ्या मनावरचं ओझंही उतरेल.

दोघींनी मिळून जायचं ते वूफवरच. लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कॉपर्ड यांनी 1971 साली शहरातल्या लोकांना शनिवार-रविवार ससेक्समधल्या एका शेतावर नेलं, तिथून हे सुरू झालं. आज बऱ्याच देशांत त्याच्या संस्था आहेत. सेंद्रिय शेती करणारं घर तुम्हाला ठेवून घेतं, जेवू घालतं, शिकवतं. तुम्ही साधारण चार ते सहा तास हाताखाली काम करता. पैसे कुणी कुणाला देत नाही. सभासदत्व इटलीच्याच संस्थेचं घ्या आणि दोघींचं नाव त्यात हवं, कारण शेतावरच्या अपघाताचा विमा सभासदालाच लागू होतो. मैत्रिणीला व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा काढावाच लागेल, पण तेवढ्यावर विसंबू नका. अशा विम्यांच्या अटींमध्ये अंगमेहनतीचं काम बरेचदा वगळलेलं असतं. ती बारीक अक्षरं वाचा.

पण वूफ म्हणजे व्हिसाचा प्रश्न सुटला, असं समजू नकोस. संस्थांच्या मते हे शिकणं आहे, नोकरी नाही. व्हिसा देणारा अधिकारी आणि विमानतळावर पासपोर्ट तपासणारा पोलीस यांना तसंच वाटलं पाहिजे असं बंधन नाही. इथे दोन सल्ले कानावर येतील. एक, 'शेताचं नावच काढू नको, हॉटेलं बुक करून दाखव आणि मग रद्द कर.' तो ऐकू नका. खोट्या कागदांवर मिळालेला व्हिसा केव्हाही अंगाशी येतो. दुसरा माझा: मैत्रिणीने मुंबईच्या इटालियन वकिलातीला लेखी विचारावं, की पर्यटनाच्या प्रवासात अमुक दिवस वूफच्या सभासद शेतावर बिनपगारी राहणार आहे, हे चालेल का. उत्तर येईल ते जपून ठेवावं आणि अर्जासोबतच्या पत्रात तेच खरं लिहावं. उत्तर नकारार्थी आलं तर तिने शेतावर पाहुणी म्हणून राहावं, पैसे देऊन. इटलीत शेतघरात पाहुणे ठेवण्याला 1985 पासून कायद्याचा आधार आहे, त्याला आग्रितुरिस्मो म्हणतात, आणि आडगावात दोघींची खोली शहरातल्या हॉटेलपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडते. सकाळी बागेत फेरी मारायला, मालकाशी गप्पा मारायला, संध्याकाळी स्वयंपाकघरात बसायला तिला कुणी अडवत नाही.

बाकीचं कागदी काम थोडक्यात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायला त्रास होतो, म्हणून मे-जूनमध्येच हलायचं. शेंगेन व्हिसाची, म्हणजे तिच्या टुरिस्ट व्हिसाची, फी 2024 च्या जूनपासून 90 युरो आहे. ती तुझ्या खोलीवर उतरणार असेल तर घरमालकाला आधी सांग. बाहेरच्या देशातला पाहुणा उतरला की ठेवून घेणाऱ्याने 48 तासांत पोलिसांना कळवायचं असतं. शेतावरच्या यजमानालाही हेच लागू आहे. ती फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे आली तर तिने आठ दिवसांत क्वेस्तुरात, म्हणजे पोलीस मुख्यालयात, आपण आल्याची नोंद करायची.

आता तारखा, आणि इथे मी तुमचा बेत मोडणार आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात तुझे वर्ग सुरू होतात. परमेस्सोचं नूतनीकरण उत्तीर्ण झालेल्या परीक्षांवर अवलंबून असतं. पहिल्या वर्षी किमान एक, पुढे दर वर्षी दोन. तू दीड महिना शेतांवर राहिलीस तर तुझाच पाया खचेल. आणि तिच्या घरी ऑक्टोबर म्हणजे फळछाटणी. बाग छाटायची, पेस्ट लावायची, पहिल्या महिन्यात डाऊनी रोगाच्या भीतीने रोज आकाशाकडे बघायचं. बाबांच्या चिडण्यात मजुरीच्या लाजेइतकीच ही धास्तीही असेल, बोलून दाखवत नसतील एवढंच. म्हणून तिने ऑगस्टच्या अगदी शेवटी यावं आणि सप्टेंबरच्या वीस-बावीसला परतावं. साडेतीन आठवडे झाले. त्यात एकच शेत, फार तर दोन, आणि मधे चार-पाच दिवस निव्वळ भटकंती. दर तीन दिवसांनी शेत बदलणारे पाहुणे शेतकऱ्याला नकोसे होतात. काम शिकवून होईस्तोवर ते निघालेले असतात.

ऑलिव्ह या वेळी सोडून द्या. त्यांचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, तोवर ती घरी पोचलेली असेल. तू नोव्हेंबरातल्या एखाद्या लांब सुट्टीला एकटी जा. झाडाखाली जाळ्या अंथरायच्या, उताराच्या बाजूची कड काठ्यांनी उचलून धरायची म्हणजे फळ घरंगळत नाही. मग फण्यांनी फांद्या विंचरायच्या. पहाटेच्या दवाने जाळ्या एवढ्या ओल्या असतात की तासाभरात बाह्या कोपरापर्यंत भिजतात. तोडलेलं फळ ढिगात तापतं आणि तेल बिघडतं, म्हणून एका दिवसाच्या आत घाण्यावर न्यायचं. शंभर किलोंमागे बारा ते अठरा लिटर तेल सुटतं. नवं तेल हिरवंगार असतं आणि घशात मिरीसारखं झोंबतं. घाण्यावर रांगेत उभे असलेले शेतकरी भाजलेल्या पावावर ते ओतून एकमेकांचं चाखतात. आपला नंबर कधी लागणार म्हणून कुणी कुरकुरत नाही.

द्राक्षाच्या बागेत तुझी मैत्रीण तुझ्यापेक्षा चार पावलं पुढे असेल, आणि तसंच असू दे. तिला मांडवाची सवय आहे. पुलियात खायच्या आणि आब्रुत्सोत वाईनच्या द्राक्षांचे मांडव असतात, ते बघून तिला घरी आल्यासारखं वाटेल. एमिलिया-रोमान्यात वाईनची द्राक्षं बऱ्याच ठिकाणी तारांच्या ओळीवर असतात, घड मांडवापेक्षा खाली. पहिल्या दिवशी पाठ बोलते. घरी ती घड देठाला धरून उतरवते, मण्यावरची मेणासारखी पांढरी पूड पुसली जाऊ नये म्हणून. बाजारात भाव त्या पुडीला आहे. इटलीत वाईनच्या द्राक्षाला त्या पुडीचं कुणाला काही नाही. डावा हात घडाखाली, उजव्या हाताने देठ कापला की घड सरळ क्रेटमध्ये. जपायचं ते वेगळ्याच गोष्टीला. कुजके मणी कात्रीच्या टोकाने काढून टाकायचे, पानं आत जाऊ द्यायची नाहीत, क्रेट वरपर्यंत भरायचं नाही, नाहीतर एकावर एक रचताना खालची द्राक्षं फुटतात आणि रस पोचायच्या आधीच आंबायला लागतो. ओळीच्या दोन्ही बाजूंना दोघी समोरासमोर उभ्या राहतात, मधे वेल. पानांमुळे समोरचा हात दिसत नाही. कात्री लागते ती बहुतेक वेळा अशीच, एक घड दोघींनी एकदम धरल्यावर. आधी आवाज द्यायचा, मग कापायचं. दुपारपर्यंत बोटं रसाने चिकट होतात आणि गांधीलमाश्या घोंघावायला लागतात. पातळ हातमोजे, पायात घोट्यापर्यंतचे बूट, निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि गवतातून आल्यावर रोज रात्री अंगावर गोचीड चिकटली नाही ना हे बघायचं. चिकटलीच तर चिमट्याने सरळ वर ओढून काढायची, तेल-काडी करत बसायचं नाही.

तिला घरचं ज्ञान असल्यामुळे एक मोह होईल: 'आमच्याकडे असं नाही करत.' पहिले चार दिवस ते मनातच ठेवायला सांग. मग यजमान स्वतःहून विचारेल, भारतात वेल वर्षातून दोनदा छाटता हे खरं का? त्यांची वेल हिवाळ्यात झोपते आणि एकदाच छाटली जाते; एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी ऐकून ते जेवता जेवता थांबतात. त्या संध्याकाळी सांगायला तिच्याकडे सगळ्यांत जास्त असेल.

आणि तेव्हा तू मधे पडू नकोस. मैत्रिणीसोबत अशा प्रवासात दुरावा येतो तो पैशांवरून किंवा कामावरून कमी आणि बोलण्यावरून जास्त. भाषा तुला येते, म्हणून सगळं तुझ्या तोंडून जाईल. सकाळी काम काय ते तुला सांगतील, तू तिला सांगशील. चार दिवसांत तू तिची मुकादम होशील आणि तिला ते सहन होणार नाही. जेवणाच्या टेबलावर तुम्ही मराठीत बोलाल, घरची माणसं गप्प होतील. किंवा तू इटालियनमध्ये रमशील आणि ती ताटाकडे बघत बसेल. म्हणून ती येण्याआधी फोनवरून तिला रोज पाच-सहा वाक्यं शिकव. पाणी द्या, हे कुठे ठेवू, मला जमत नाही, दुखतंय, थांबा, छान झालंय. यजमानाला पहिल्याच दिवशी सांग की काम तिला थेट दाखवा, हाताने दाखवलं तरी तिला कळतं. शेतातल्या माणसाला शेतातला हातवारा कळतो. शक्य असेल तेव्हा दोघी वेगवेगळ्या ओळीत उभ्या राहा. आठवड्यात एक दिवस प्रत्येकीचा स्वतंत्र असू द्या.

एक गोष्ट मात्र निघण्याआधी ठरवून टाका. दोघींपैकी एकीला जागा नको वाटली तर दोघी निघणार. कारण विचारायचं नाही, पुरावा मागायचा नाही, 'अजून दोन दिवस बघू' म्हणायचं नाही. यजमानाच्या वागण्याने एकीला अस्वस्थ वाटतं आणि दुसरीला काहीच जाणवत नाही, असं खूपदा होतं. त्यासाठी दोघींकडे मिळून दोन रात्रींच्या हॉटेलचे आणि बोलोन्यापर्यंतच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा. आडगावांतल्या बस रविवारी बहुतेक धावत नाहीत. वेळापत्रकात 'फेरियाले' लिहिलेली गाडी कामाच्या दिवसांचीच असते. शेतापासून चालत स्टेशन गाठता येईल अशीच जागा निवडा. अडचणीला 112.

जेवणाची काळजी करू नका. ती शाकाहारी असेल तर इटालियन शेतघरात उपाशी राहणार नाही. फक्त 'मांस खात नाही' एवढंच सांगून थांबू नका. मासे, डुकराची चरबी, सूप केलेलं हाडांचं पाणी, ही सगळी नावं घेऊन सांगा, नाहीतर भाजीच्या सॉसमध्ये अँचोव्ही नावाची बारीक मासळी निघते आणि घरच्या बाईला कळतच नाही की चुकलं काय.

आता बाबा. त्यांचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यांच्या बागेत विरळणीला, तोडणीला बायकांच्या टोळ्या येतात, आणि आपली मुलगी त्या बायकांच्या जागी उभी राहणार हे त्यांना खुपतंय. त्यांना दुखवायला नको, पण मुलीने हे टाळूही नये. 'मजुरी नाही बाबा, वूफ आहे' असं म्हणून सुटका करून घेण्यात मला अर्थ वाटत नाही. ती दोन-तीन आठवडे दुसऱ्याच्या बागेत दुसऱ्याच्या शब्दावर वाकून काम करणार आहे, हे खरंच आहे. पाणी वेळेवर मिळतं की नाही, सावलीत बसायला जागा आहे का, मुतारीची सोय किती लांब आहे, सूचना ओरडून देतात की जवळ येऊन, या गोष्टी ओळीत उभं राहिल्याशिवाय बागायतदाराच्या मुलीला कळत नाहीत. पुढे ती बाग तिच्या हाती आली तर तिथे येणाऱ्या बायकांना याचा उपयोग होईल. बाबांना तिने एवढंच सांगावं की पैसे घेऊन काम नाही, व्हिसा सरळ आहे, आणि फळछाटणीला मी घरी आहे. शेवटच्या वाक्याने अर्धा राग जाईल असं मला वाटतं. जमलं तर यजमानाशी एकदा व्हिडिओवर बाबांची गाठ घालून दे. दोन द्राक्षवाले एकमेकांच्या वेली दाखवायला लागले की तुम्हा दोघींना फोन परत मिळायचा नाही.

यजमान शोधायला आत्ताच लागा. बोलोन्यापासून रेल्वेने दोन तासांच्या आतली घरं आधी बघ, म्हणजे गरज पडली तर तू वर्गाला येऊन परत जाऊ शकशील. जिथे आधी राहून गेलेल्या मुलींनी अभिप्राय लिहिलेत, तीच घरं घे आणि त्यांतल्या एकीला तरी थेट लिहून विचार. पहिल्या पत्रात दोघींची नावं, वयं आणि तारखा लिही. एकीला द्राक्षकामाचा अनुभव आहे आणि दुसरीला इटालियन येतं, हे सांग. मग विचार: दिवसाला किती तास, आठवड्यात सुट्टी कोणती, खोली दोघींचीच का आणि आतून कडी आहे का, घरात कोण कोण राहतं, त्याच दिवसांत पगारी तोडणीवाले असतील तर आम्ही त्यांच्यासोबत असू की वेगळ्या कामावर. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट वाच. पगारी माणसांच्या जागी तुम्हाला फुकट उभं करणारं शेत नको. तिथे तुम्ही कुणाची तरी मजुरी मारताय, आणि तपासणी आली तर तुझी मैत्रीण पुन्हा त्याच कचाट्यात. 'तोडणीला दहा माणसं लागतात, तुम्ही आलात तर बरंच' असं उत्तर आलं तर आभार मानून पुढच्या घराला लिही.

तुझी,
ताई